अकरा मोडांचे 16,500 रुपये

हे लिहायला मला दोन महिने लागले. एकावन्न वर्षांच्या बाईने, तीही शाळेत शिकवणारी, शौचातून पडणाऱ्या रक्ताबद्दल उघड लिहायचं म्हणजे हात आखडतो. पण मूळव्याधीवर इलाज करतो म्हणणारे बोगस डॉक्टर आपल्या लाजेवरच जगतात, म्हणून लिहिते.

भिंतीवरच्या त्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये खात्रीशीर इलाज. अशाच एका दवाखान्यात मी गेले, ते पाटीवर ‘महिलांसाठी महिला स्टाफ’ असं लिहिलं होतं म्हणून. ती महिला फक्त केसपेपरचे 300 रुपये घ्यायला बसली होती. तपासणी त्या बोगस डॉक्टरनेच केली. पडद्यामागे, हातात टॉर्च, दोन मिनिटं.

मी त्याला सगळं सांगितलं होतं, ते मला आजही शब्दशः आठवतं. “रक्त लालभडक नाही, काळपट आहे. शौचात मिसळून येतं, आव पडते, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही.” त्याने मान वर न करता कागदावर लिहिलं, ‘मोड 11’, म्हणजे मूळव्याधीचे अकरा कोंब. एका मोडाचे 1,500, म्हणजे 16,500. तिथेच मी उठायला हवं होतं. शौचानंतर लाल रक्ताचे थेंब पडले आणि दुखलं नाही तर बहुधा मूळव्याध, कापल्यासारखी आग झाली तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, एवढं मलाही माहीत होतं. माझं यातलं एकही नव्हतं. मी स्वतःच्या तोंडाने त्याला हे मूळव्याधीसारखं नाही असं सांगितलं आणि स्वतःच्या हाताने पैसे मोजले. आतल्या मूळव्याधीचे मोड साधारण तीन ठरावीक जागी येतात, हे मला नंतर सर्जननी सांगितलं. अकरा आले कुठून?

मला अडाणी म्हणू नका. मुलगा बारावीला होता, सासूबाई अंथरुणावर होत्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर रजा टाकावी लागली असती. शिवाय पहिल्या इंजेक्शननंतर तीन आठवडे रक्त खरंच थांबलं. रक्त थांबलं म्हणजे आजार गेला असं नसतं. गाठीतून येणारं रक्तही मध्येच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! पुन्हा सुरू झालं तेव्हा ‘दुसरी सिटिंग’ म्हणून 3,500 घेतले. पुड्यांचे महिन्याला 2,850 प्रमाणे तीन महिन्यांचे 8,550. एकूण 28,850 रुपये. पावती एकाचीही नाही. क्यूआर कोडवर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव यायचं. पैसे देताना स्क्रीनवर कोणाचं नाव येतं ते वाचत जा.

याच काळात माझे ब्लाउज सैल झाले. शाळेत सगळ्या म्हणाल्या, “मॅडम, बारीक झालात, छान दिसताय.” मला बरं वाटलं होतं. जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलली. शेवटी वर्गात फळ्याजवळ चक्कर आली. हिमोग्लोबिन 8.1 निघालं, म्हणजे रक्त बरंच कमी.

सर्जननी हातमोजा घालून बोटाने तपासलं. अर्धा मिनिटही लागला नाही. गुदद्वारापासून 6 सेंटीमीटरवर गाठ होती, बोटाला लागणारी. साडेचार महिने त्या माणसाने एकदाही बोटाने तपासलं नव्हतं. पुढे कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासलं. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन आतडं रिकामं करायचं, तेवढाच काय तो त्रास, तपासणी बहुधा गुंगीत होते. बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्यावर, कॅन्सर आला. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन. लवकर आले असते तर किती फरक पडला असता, असं विचारलं. सर्जन म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. त्या उत्तरावर मी अजून झोपू शकत नाही.

रक्त दिसलं की सगळ्यांना कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. बहुतेकांचं मूळव्याध किंवा फिशरच निघतं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतला कोंब, असतो, आतड्याला सूज असते, जंतुसंसर्ग असतो, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांनीही रक्त जातं. पण हे तपासून ठरतं, टॉर्चने नाही. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर रक्त बहुधा वरून, जठराकडून येतंय. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून डॉक्टरांना गोळ्या सांगा. रक्ताच्या गुठळ्या पडल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतःहून गेला होतात ना?” तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाने सांगितलं, शहराची हद्द आमची नाही. नगरपरिषदेने दोन प्रतींत अर्ज घेतला आणि पंधरा दिवसांनी तोच अर्ज पुन्हा मागितला. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाने कळवलं, तो आमच्याकडे नोंदलेला नाही, म्हणून आम्हाला कारवाई करता येत नाही, पोलिसांत जा. म्हणजे तो बोगस आहे हे लेखी मिळालं, आणि बोगस आहे म्हणूनच त्याला कोणी हात लावणार नाही! महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम 1961 चा आहे. नोंदणीशिवाय इलाज करणं त्यात गुन्हा आहे. मी कायद्याची प्रत घेऊन ठाण्यात गेले, तर साहेब बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हाही बंदोबस्तालाच. तोपर्यंत त्याने शटर ओढलं आणि मागच्या गल्लीत नवी पाटी लावली. मोबाईल नंबर तोच.

त्याच्या भिंतीवर चौकटीत तीन प्रमाणपत्रं होती, नोंदणी क्रमांक एकावरही नव्हता. आधी क्रमांक विचारा. क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोऱ्याने इलाज, करणारे शिकलेले आयुर्वेदाचे सर्जन आहेत, त्यांचाही क्रमांक असतो. ग्राहक आयोगात तक्रार करताना, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त ट्रेडर्सच्या नावावर पैसे गेल्याच्या नोंदी आहेत. त्या लावून मी अर्ज टाकला आहे.

सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायला हवं, असं सर्जननी सांगितलंय. धाकट्या बहिणीला फोन केला तर ती बराच वेळ गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, “ताई, मलाही वर्षभर जातंय गं.” गुरुवारी तिची कोलोनोस्कोपी आहे. मी सोबत जाणार आहे.