मोमोची पारी: घरी लाटावी की तयार आणावी?

खिम्याचे मोमो करायचे ठरले की बहुतेकांचा जीव सारणात अडकतो. सारण दोन-तीन खेपांत जमतं हो. घोडं अडतं ते पारीपाशी. फ्रीझरमधली तयार पारी आणायची, थंड पाण्यात मैदा मळायचा की उकळत्या पाण्यात?

तयार पारीने वेळ वाचतो, हे कबूल. पण ती मधोमध जेवढी जाड, काठालाही तेवढीच. कळ्या पाडून तोंड मिटलं की वर तीन-चार पदर एकावर एक येतात आणि तिथे कच्चट गाठ राहते. पदर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारलेल्या पिठीमुळे काठही कोरडे असतात. त्यामुळे दरवेळी बोट पाण्यात बुडवून काठावर फिरवावं लागतं, नाहीतर वाफेत तोंड उघडतं. पाकीट न फोडता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. उघड्यावर वितळवलंत तर काठांना तडे जातात. माझं मत विचाराल तर तयार पारीची नुसती अर्धचंद्र घडी घालावी, गोल पुरचुंडीच्या नादी लागू नये.

थंड पाण्याच्या पिठाचं प्रमाण 250 ग्रॅम मैद्याला साधारण 125 मिली पाणी. यात ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, चांगलं तयार होतं, म्हणून पारी दमदार असते. उकळत्या पाण्यात सोडायच्या मोमोंना हीच हवी. पण लाटताना ती पुन्हा आखडते आणि वाफवलेला मोमो जरा गार झाला की चामट लागतो.

उकळतं पाणी ओतलं की मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ग्लूटेनचा जोर कमी होतो. म्हणून याच 250 ग्रॅमला 150 मिलीच्या आसपास पाणी लागतं. आधी चमच्याने ढवळायचं, हाताला सोसेल इतपत निवलं की मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. ही पारी लाटली तशीच पसरलेली राहते आणि वाफेत मऊ होते. खोट एकच: पाण्यात किंवा रश्श्यात ती सैल पडते. वाफवायचंच असेल तर मी डोळे झाकून हीच घेईन.

लाटताना मात्र सवय थोडी मोडावी लागते. डाव्या हाताने लाटी फिरवत राहायचं आणि उजव्या हाताने लाटणं काठावरून मध्यापर्यंतच न्यायचं, पलीकडे जाऊ द्यायचं नाही. मधे नाण्याएवढा भाग जाडसर राहतो. तोच पुढे सारणाचं वजन आणि रस पेलतो. पहिल्यांदा मी पोळीसारखी सरसकट पातळ लाटली होती. मोमो उचलले तेव्हा बुडं ताटलीला चिकटून राहिली आणि सगळा रस खालच्या पाण्यात.

अर्थात खिमा कोरडा असेल तर पारी काय राखणार? चिकनच्या छातीपेक्षा मांडीचा खिमा बरा, त्यात चरबी जास्त असते. अर्ध्या किलोला मीठ घालून एकाच दिशेने फेटा, मग 100 मिलीपर्यंत गार पाणी किंवा स्टॉक चमच्याचमच्याने मुरवा. खिमा भांड्याच्या कडेला तारांसारखा चिकटू लागला की थांबा. कोबी घालणार असाल तर मीठ लावून घट्ट पिळून घ्या.

बांबूची करंडी की स्टीलचं भांडं, यावर फार डोकं खपवू नका. बांबूचं झाकण वाफ शोषतं, स्टीलचं टपटपतं. झाकणाला सुती फडकं बांधलं की काम भागतं. खाली कोबीची पानं घाला. पाणी उकळल्यावर 10 ते 12 मिनिटं वाफवायचं. थर्मामीटर असेल तर चिकनचं सारण आतून 74 अंश सेल्सिअसला पोचलेलं हवं.

उरलेले कच्चे मोमो ताटात सुटे मांडून आधी कडक गोठवा, मगच पिशवीत भरा. वाफवताना वितळवू नका. तसेच भांड्यात ठेवा आणि तीन-चार मिनिटं जास्त द्या.