निवृत्तीनंतर लावलेला मोडीचा वर्ग : आठ महिने बसल्यावरचा अभिप्राय

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा मोडी लिपीचा, म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहिलेत त्या लिपीचा वर्ग भरतो. फी तीन महिन्यांची दीड हजार रुपये. मी आठ महिने जातोय. वर्गाचं नाव आणि सरांचा फोन इथं देत नाही. माडीवर चौदा माणसांच्या वर जागा नाही, म्हणून सरांनीच तसं सांगितलंय. पेठेत चौकशी केलीत तर वाडा सापडेल. हे लिहितोय ते माझ्याबरोबर आणि माझ्या आगेमागे निवृत्त झालेल्यांसाठी. भेटले की प्रत्येक जण एकच विचारतो, "आता दिवसभर करतासा काय?"

मी तलाठी होतो, शेवटची सात वर्षं मंडळ अधिकारी. चौतीस वर्षं नोकरी करवीर, पन्हाळा आणि शाहूवाडी या तीन तालुक्यांत झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलो. सातबारा, आठ-अ, फेरफार हे सगळं झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. पण प्रत्येक सज्जात, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांच्या गटात, चार्ज घेताना एक लोखंडी पेटी ताब्यात यायची, आणि तिच्या तळाशी फडक्यात बांधलेली मोडीची कागदपत्रं असायची. मी यादीवर सही करायचो, 'जुने मोडी कागद, एक गठ्ठा', आणि पेटी बंद करायचो. त्या गठ्ठ्यात काय आहे हे चौतीस वर्षांत एकदाही मला वाचता आलं नाही.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा हे जास्त बोचलं. सगळीकडं मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आमच्याकडं एक वयस्कर वाचक दीड दिवस येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसून गाव नमुना चौदाची, म्हणजे कोतवाल बुकाची पानं उलटत होतो. त्यांचं बोट ओळीवरून सरसर जायचं आणि माणसं बाहेर पडायची. कोण कधी जन्मलं, कोण कशानं गेलं, बापाचं नाव काय. ज्या गावात मी पाच वर्षं काढली त्याच गावची ती माणसं. ताबा माझा आणि वाचणार दुसरं कुणी, हे मनाला लागून राहिलं.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष जसं सगळ्यांचं जातं तसंच गेलं. पहाटे रंकाळ्याला फेरी, तिथल्या कट्ट्यावर तासभर, येताना भाजी. नऊला घरी. नऊपासून रात्री नऊपर्यंत दिवस तसाच पुढ्यात पडलेला असायचा. मुलाच्या दुकानात बसून बघितलं, पण तिथं त्याची पद्धत बसलेली आहे, मी मध्ये पडणं बरं नव्हे. एका भजनी मंडळातही गेलो. लोक चांगले होते, मला सुरात गाता येत नाही. फिरणं, गप्पा, देवळात जाणं यांत वाईट काहीच नाही. पण त्यांतलं कुठलंही काम मी आज केलं नाही तर कुणाचंही अडत नव्हतं, आणि मला अडणारं काम हवं होतं.

वर्गाची पद्धत मला फार आवडली. पहिले तीन आठवडे वाचायचं नावच नाही, फक्त लिहायचं. सर स्वतः बोरू तासून देतात. आधी डावीकडून उजवीकडे पूर्ण शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहून वर रेघ मारतो, इथं नेमकं उलटं. हात शक्य तितका उचलायचा नाही. कित्ता गिरवताना पहिल्यांदा बोटं आखडतात, दुसऱ्या आठवड्यात सैल होतात. सर म्हणतात, "भाऊसाहेब, हाताला कळलं की डोळ्याला कळतं," आणि ते खरं निघालं. जे अक्षर मी शंभर वेळा काढलं होतं ते चौथ्या आठवड्यात कागदावर आपोआप ओळखू यायला लागलं.

मग वाचन, आणि खरी परीक्षा तिथून पुढं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, वेलांटी बहुधा दीर्घ आणि उकार ऱ्हस्व. म्हणजे 'दिन' आणि 'दीन' एकच, 'सुत' आणि 'सूत' एकच. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, पूर्णविराम नसतो. 'र' कुणाला जोडून आला त्याप्रमाणं रूप बदलतो. त्यामुळं कागद कशाबद्दल आहे हे माहीत असल्याशिवाय तो वाचता येत नाही. इथं माझी नोकरी कामाला आली. बितपशील, इनाम, बिघा, पांड, चतुःसीमा हे शब्द माझ्या ओळखीचे होते, त्यामुळं जमिनीचा कागद असला की मी वर्गात पुढं असायचो. औषधांची यादी निघाली तेव्हा सी.पी.आर. या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. दागिन्यांचा कागद असला की गुजरीतल्या सराफांकडं बघायचं. विद्यापीठातले इतिहासाचे दोन विद्यार्थी येतात, त्यांना सनावळ्या पाठ आणि आम्हाला व्यवहार पाठ. चौदा माणसं मिळून एक कागद सोडवतात. साठीच्या माणसाचं आयुष्यभराचं ज्ञान जसंच्या तसं उपयोगी पडतं अशी दुसरी जागा मला तरी सापडलेली नाही.

तारखांचा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून त्यावर दोन ओळी जास्त लिहितो. जुन्या कागदावर 'सन इहिदे तिसैन मया व अलफ' असं काही तरी असतं. आकडे अरबी आहेत : इहिदे म्हणजे एक, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले ११९१. हा शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७९० ते ९१. दोन आकडे कशाला, तर हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मृग नक्षत्राला सुरू होतं. म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. आमचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं, कारण तेही पिकावरून बेतलेलं. सरांनी हे सांगितलं त्या दिवशी मी घरी जाऊन मंडळींना अर्धा तास समजावून सांगत होतो. चंद्राची तारीख असेल तर आधी 'छ' आणि पुढं रमजान, साबान, जिल्हेज असे महिने.

आणखी एक गोष्ट मला याच माडीवर कळली. कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन, म्हणजे गावाचं दप्तर ठेवायचा वंशपरंपरेचा हक्क, बंद करून पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय शाहू महाराजांनी १९१८ मध्ये घेतला. म्हणजे ज्या खुर्चीवर मी इतकी वर्षं बसलो ती इथं कधी आणि कशी आली हे मला निवृत्तीनंतर समजलं. नोकरीत लागलो तेव्हाच कुणी तरी सांगायला पाहिजे होतं.

आता उणिवा. जिना फार उभा आहे, गुडघे दुखत असतील तर दोनदा विचार करा. माडीवर दोनच ट्यूबलाइट, पावसाळ्यात साडेपाचनंतर कागद नीट दिसत नाही. झेरॉक्स कागद फिकट असतात, आधीच गिचमिड लिखाण आणि त्यात अर्धी शाई उडालेली. हे सरांना आम्ही तीनदा सांगितलं, फरक पडलेला नाही. शिवकालीन आणि चिटणिशी वळण त्यांनी छान शिकवलं, पेशवेकालीन तर इतकं देखणं की वाचताना त्रासच होत नाही. पण इंग्रजी अमदानीतली मोडी, जी आमच्या गावोगावच्या दप्तरात सर्वांत जास्त आहे, ती तीन तासांत उरकली. मला तिलाच सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा होता असं वाटतं. नवरात्रात बुडालेले दोन तास भरून काढले नाहीत. आणि तीन महिन्यांत कुणी वाचक होत नाही. मला सहा महिने लागले, रोज घरी एक पान करून. तीन महिन्यांत प्रमाणपत्र मिळतं, पण ते बघून कुणी स्वतःला तयार समजू नये.

पाचव्या महिन्यात सासूबाईंच्या घरातला एक कागद आला. पन्हाळा तालुक्यातलं गाव, घरात पितळी डबा, डब्यात चौघडी केलेला लांबट कागद. मेहुण्याची पक्की समजूत होती की यात गेलेल्या दोन एकरांचा पुरावा आहे. त्यानं तो वीस वर्षं जपला होता, कुणाला हात लावू दिला नव्हता. "दाजी, तुम्हीच वाचा आता," म्हणाला. मी रविवारी दुपारी ओसरीवर बसून भिंग घेऊन सुरुवात केली. पहिल्या चार ओळींतच कळलं की जमिनीचा काही संबंध नाही. ती लग्नखर्चाची यादी होती. तांदूळ किती मण, तूप किती शेर, गूळ, सुपाऱ्या, वाजंत्र्यांचं देणं. आकड्यांपुढं पाव, अर्धा, पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघा होत्या. लहानपणी पावकी, निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे घोकले होते, ते तिथं उपयोगी पडले.

मेहुण्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण जे लिहिलंय तेच सांगणं भाग होतं. वर नवरीचं नाव होतं, ते मी वाचलं. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "परत म्हणा बघू." मी परत म्हटलं. त्यांच्या आजेसासूचं माहेरचं नाव होतं ते. घरात सगळे तिला आक्काच म्हणायचे, लग्नात नाव बदललेलं, आधीचं कुणालाच माहीत नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही, त्यांच्या घरचं आहे. त्या दिवशी सासूबाईंनी मला संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही, यादीतली एकेक ओळ दोनदा वाचून घेतली. मेहुण्यानं तो कागद आता पुठ्ठ्यात घालून ठेवलाय.

त्यानंतर लोक यायला लागले. सोमवारी संध्याकाळी साने गुरुजी वसाहतीत माझ्या घरी चार-पाच जण कागद घेऊन बसलेले असतात. "साहेब, काय लिवलंय वो ह्यात?" मी पैसे घेत नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, मी फक्त कशाबद्दलचा कागद आहे ते सांगेन. कोर्टात लावायचं लिप्यंतर अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. जमिनीच्या वादात एक अक्षर चुकलं तर काय होतं ते मी नोकरीत बघितलंय. आलेल्या दहा कागदांतले तीन मला अजून सुटत नाहीत, ते घेऊन बुधवारी सरांकडं जातो. त्यामुळं माझा मंगळवार आता त्या तीन कागदांत जातो, आणि रंकाळ्याची फेरी आटपून मी कट्ट्यावर न थांबता घरी येतो.

ज्यांना नुसता वेळ घालवायचाय त्यांनी हा वर्ग लावू नये. घरी रोज तासभर बसावं लागतं आणि पहिले दोन महिने हाती काही लागत नाही. पण ज्यांनी आयुष्य कागदांत, हिशेबांत, दुकानात किंवा शेतीच्या व्यवहारात घालवलंय त्यांनी जरूर यावं, ते इतरांपेक्षा लवकर शिकतील. बायकांनीही यावं, आमच्या तुकडीत पाच आहेत आणि सर्वांत चांगलं वाचन सिस्टरबाईंचं आहे. पुढं वाढवायचं असेल तर कोल्हापुरात राज्य पुराभिलेखागाराचं कार्यालय आहे, तिथं मूळ कागद बघायला मिळतात. त्यासाठी रीतसर अर्ज लागतो.

नवी तुकडी दसऱ्यानंतरच्या बुधवारी सुरू होईल. येताना एकरेघी वही आणि चांगलं भिंग आणा. बोरू आणि शाई विकत घेऊ नका, सर देतात. जिना चढताना उजव्या हाताला दोर आहे, तो धरून चढा.