वेगळी खोली की वर्गातच दुसऱ्या बाई?

शाळेला विशेष शिक्षिका मिळाल्या, अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणितात अडखळणाऱ्या मुलांची चाचणी झाली, प्रमाणपत्रंही एकेक करून हातात येऊ लागली, की मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक प्रश्न येऊन पडतो. या बाईंचे तास लावायचे कुठे? संसाधन कक्षात, म्हणजे सगळे ज्याला रिसोर्स रूम म्हणतात तिथे, चार-चार मुलांचे गट करून? की सहावी-सातवीच्या वर्गातच, विषयशिक्षकांच्या जोडीला? दोन्ही प्रकार बरीच वर्षं जवळून पाहिल्यावर माझा कल एका बाजूला झुकला आहे. पण दुसरी बाजू काही बाबतींत खरोखरच सरस आहे, तेव्हा आधी तिच्याविषयी.

वाचनाचा पाया घालायचा असेल तर वेगळ्या खोलीला तोड नाही. देवनागरीचे अडथळे देवनागरीचेच असतात आणि ते निवांतपणे, एकेक करून सोडवावे लागतात. 'किती' हा शब्द घ्या. पहिली वेलांटी डोळ्याला 'क'च्या आधी दिसते, कानाला मात्र नंतर ऐकू येते. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय नुकती लागलेलं मूल इथे गडबडतं. 'धर्म'मध्ये 'र'चा उच्चार 'म'च्या आधी होतो, पण रफार बसतो 'म'च्या डोक्यावर, म्हणून मूल 'धमर' वाचतं. अशा मुलासाठी बाराखडीचा नेहमीचा क्रम मोडावा लागतो: आधी काना, मग दुसरी वेलांटी, मग उकार आणि मात्रा, आणि पहिली वेलांटी सर्वांत शेवटी, वेगळ्या रंगाच्या कार्डावर. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात घ्यायच्या नाहीत. एक अक्षर न अडता वाचता येऊ लागलं की मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे आणि मग दुसरं घ्यायचं. जोडाक्षरांत आधी काठी गाळून जोडली जाणारी, 'प्या', 'स्त', 'म्ह' अशी. 'र'ची रूपं त्यानंतर, आणि क्ष-ज्ञ अखेरीस. वाळूच्या ताटात बोटानं गिरवताना मुलानं तो उच्चार मोठ्यानं करायचा, कारण हात, डोळा आणि कान एकाच वेळी कामाला लागले तर अक्षर टिकतं. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात, फळ्यावर इतिहासाचा धडा चालू असताना, हे कुणालाच जमणार नाही. आठवड्यातून चार दिवस, रोज २० ते २५ मिनिटं, गटात फार तर चार मुलं. पाचवं-सहावं मूल आलं की त्या गटाची शिकवणी होते आणि ज्याच्यासाठी गट केला ते मूल पुन्हा मागे पडतं.

तेव्हा ज्या मुलाला अजून बाराखडी लागलेली नाही, ते कोणत्याही इयत्तेत असो, त्याला वेगळा वेळ द्यावाच लागेल. यावर माझं दुमत नाही.

अडचण सुरू होते ती वेळापत्रकावर. तासिका ३५ मिनिटांची. वर्गातून निघणं, खोलीपर्यंत जाणं, बाकीच्यांची वाट पाहणं, परत येणं, यात आठ-दहा मिनिटं जातात. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे मुलाला उठवायचं कोणत्या तासाला? बहुतेक शाळा चित्रकलेचा किंवा शारीरिक शिक्षणाचा तास सुचवतात, कारण तिथे कुणाची हरकत येत नाही. कृपा करून हे करू नका. जे मूल दिवसभर वही आणि फळा यांच्यामध्ये गुदमरतं, त्याला चारचौघांत आपण काहीतरी करू शकतो हे दाखवायला तेवढेच दोन तास असतात. ते काढून घेतले की वेगळी खोली ही त्याच्या लेखी शिक्षा ठरते. मराठीच्या तासाला उठवलं तर वर्गानं मिळून म्हटलेली कविता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गणिताच्या तासाला उठवलं तर अपूर्णांकांच्या बेरजेतली नेमकी मधली पायरी चुकते.

माझं मत पालटलं ते मात्र याहून लहान दिसणाऱ्या एका गोष्टीमुळे: परत आल्यावर दिसणारा फळा.

मूल खोलीतून परत येतं तेव्हा पुढचा तास सुरू होऊन सात-आठ मिनिटं झालेली असतात आणि अर्धा फळा भरलेला असतो. बाकीची मुलं अख्खी ओळ डोळ्यांत साठवून वहीत उतरवतात. याची तऱ्हा वेगळी. 'संविधान' लिहायचं तर आधी 'सं' पाहायचा, मान खाली घालून लिहायचा, पुन्हा वर पाहायचं, फळ्यावरची जागा हरवायची, बोट धरून ती शोधायची, मग 'वि'. एका शब्दासाठी मान चार-पाच वेळा वर जाते. त्याची तिसरी ओळ होते तोवर फळा पुसला जातो. मग शेजाऱ्याची वही मागायची, ती संध्याकाळी घरी न्यायची, आणि ज्या वेळेत वाचनाचा सराव व्हायचा त्या वेळेत आईनं सांगायचं नि त्यानं उतरवायचं. तरी दोन-चार पानं कोरी राहतात आणि त्यांवर लाल शाईत शेरा येतो, 'वही अपूर्ण'. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात ते गुण जातात. म्हणजे जी मदत मिळाली तिचीच किंमत मुलानं वहीत मोजली. शिवाय वर्गाच्या बाईंना ते मूल खोलीत कुठवर आलं आहे याचा पत्ता नसतो. तिथे कालपर्यंत रफाराची कार्डं चालू होती, इथे आज त्याला 'अर्थव्यवस्था' मोठ्यानं वाचायला उभं केलं जातं. दोन्ही बाई आपापलं काम मन लावून करत असतात, पण त्यांच्यामधला दुवा एकटा तो असतो, आणि ते काम त्याच्याकडून होत नाही.

मुलं पळवाटा काढतात, काही शाळा शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स देतात, हेही खरं. त्यानं संध्याकाळ वाचते. फळ्यापाशी झालेलं बोलणं मात्र बुडालेलंच राहतं, आणि नुसत्या झेरॉक्सवरून ते मुलाला उलगडत नाही.

आता दुसरी पद्धत. दोन शिक्षिका एकाच वर्गात म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते चित्र बहुधा चुकीचं असतं: विषयाच्या बाई शिकवताहेत आणि विशेष शिक्षिका शेवटच्या बाकावर एका मुलाला खेटून कुजबुजताहेत. आठवड्याभरात सगळ्या वर्गाला कळतं की त्या बाई कुणासाठी येतात, आणि ते मूल मदत घेणंच थांबवतं. महिन्याभरात विशेष शिक्षिकेकडे वह्या गोळा करणं आणि वर्ग गप्प बसवणं एवढंच काम उरतं. ही पद्धत फसते ती बहुतेक ठिकाणी इथेच. असंच चालणार असेल तर वेगळी खोली पुष्कळ बरी.

चालतं ते असं. पहिले दोन आठवडे विशेष शिक्षिकेनं नुसतं पाहायचं आणि टिपायचं. कोण कुठल्या शब्दापाशी थांबतं, कोणाची वही कोणत्या मिनिटाला मागे पडते. मग फळा वाटून घ्यायचा. एक बोलते, दुसरी लिहिते. लिहिणारी फळ्याचे तीन उभे भाग करते, तारखेखाली पाच-सहा मुख्य शब्द वेगळ्या रंगाच्या खडूनं मांडते आणि डावीकडचा भाग तासाच्या शेवटपर्यंत पुसत नाही. मागे पडणाऱ्यांना गाळलेल्या जागांचं तयार पान मिळतं, त्यामुळे वीस ओळींऐवजी आठ शब्द लिहावे लागतात. शेवटची बारा मिनिटं सहा-सात जणांचा छोटा गट एका कोपऱ्यात. त्यात प्रमाणपत्र असलेली दोन-तीनच मुलं, बाकीची त्या दिवशी अडलेली कोणीही. गट दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे त्यावर शिक्का बसत नाही. वर्गाचे दोन भाग करून दोघींनी एकाच वेळी शिकवणं कागदावर छान वाटतं, पण आपल्या खोल्यांत आवाजावर आवाज चढतो आणि कानानं शिकणाऱ्या मुलाची पंचाईत होते.

गणितात तर या जोडीचा फायदा लगेच दिसतो. 'सत्तेचाळीस' ऐकल्यावर आधी सात ऐकू येतात, म्हणून मूल ७४ लिहितं. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतात, म्हणून ६९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' अशी संख्यावाचनाची जोड आली तेव्हा केवढा वाद झाला होता. जो अडथळा दूर करायचा तो प्रयत्न होता, तो या मुलांना सहावी-सातवीतही भोवतो. विषयाच्या बाई तोंडी उदाहरण सांगत असतानाच दुसरीनं ती संख्या फळ्यावर अंकात लिहिली की अर्ध्या चुका उगवतच नाहीत. हातच्यांसाठी चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक, म्हणजे दशकाखाली एकक जात नाही. भागाकाराच्या पायऱ्यांची पट्टी बाकावर चिकटवलेली. या सगळ्याचा फायदा प्रमाणपत्र नसलेल्या आठ-दहा मुलांनाही होतो, आणि एकदा ते दिसलं की गणिताच्या बाई स्वतःहूनच दुसऱ्या तुकडीत तसं करू लागतात.

प्रमाणपत्राचाही मुद्दा इथे येतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिलं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षी, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असा क्रम घालून दिला होता. पहिली-दुसरीचं मूल तोवर अधांतरी राहतं. वेगळ्या खोलीत बसवायला शाळा कागद मागते, वर्गातल्या मदतीला कागद लागत नाही. दहावीच्या सवलतींसाठीही वर्गातली जोडीच कामाला येते. जादा वेळ, लेखनिक हे हक्कानं मिळतं, महाराष्ट्रात मंडळानं या सवलती १९९६ पासून दिल्या आहेत. पण लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. विरामचिन्हं सांगायची, आकृतीची नावं सांगायची, आधीचं वाक्य परत वाचून घ्यायचं. ताशी २० मिनिटं जादा मिळाली तरी ती वापरायची कशी हे माहीत नसेल तर मूल तासभर नुसतं बसून राहतं. आठवीपासून घटक चाचण्यांत हा सराव हवा, आणि चाचणी घेतात विषयशिक्षक. त्यांना त्यात ओढायचं तर विशेष शिक्षिकेला आधी त्यांच्याबरोबर एका वर्गात उभं राहावं लागतं.

या पद्धतीची खरी किंमत नियोजनात मोजावी लागते, आणि शाळा तिथेच हात आखडता घेतात. दोघींना आठवड्यातून एक सामायिक रिकामा तास हवाच. ३५ मिनिटं पुरतात, पण वेळापत्रकात लिहिलेली. 'मधल्या सुट्टीत बोलून घ्या' असं म्हटलं की बोलणं होत नाही आणि विशेष शिक्षिकेला धडा कोणता हे वर्गात पाऊल टाकल्यावर कळतं. त्या तासात एकाच पानावर चार गोष्टी लिहायच्या: पुढच्या आठवड्याचा पाठ, त्यातले आठ-दहा अवघड शब्द, फळ्यावर काय येणार, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडून तोंडी घ्यायचं. ते पान संसाधन कक्षातही जातं, म्हणजे तिथे जोडाक्षरं घ्यायची ती याच आठ-दहा शब्दांतली. वही कोण तपासणार आणि पालकांशी कोण बोलणार हेही आधीच ठरवावं, नाहीतर ऑगस्टपर्यंत दोघींत अबोला येतो.

आणखी एक धोका. कोणी रजेवर गेलं की मोकळ्या दिसणाऱ्या विशेष शिक्षिकेला बदली तासावर पाठवतात. वर्गात दुसरं माणूस असतंच, मग हिला काढलं तर काय बिघडलं, असा विचार सहज होतो. वेगळ्या खोलीत मुलं वाट पाहत बसलेली दिसतात, म्हणून तिथे हे कमी होतं. या एका बाबतीत खोली सुरक्षित आहे हे मान्य करायला हवं.

शिक्षकसंख्येचं गणितही पाहावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरायला सांगितलं. तेवढी माणसं असतील तर दोन्ही पद्धती पेलतात. पण तालुका पातळीवरच्या गटसाधन केंद्रातून आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेवर शाळा चालत असेल, तर तिच्या त्या दोन-तीन तासांत मुलाला खोलीत बसवून फारसं काही साधत नाही, कारण अक्षरओळखीला रोजचा सराव लागतो. तिचा एक तास वर्गात पाहण्यात आणि एक तास वर्गशिक्षकांबरोबर ते पान भरण्यात गेला तर उरलेले पाच दिवस वर्गात काहीतरी बदलतं.

मला विचाराल तर: मुख्य काम वर्गात, दोघींनी मिळून. वाचनाच्या पायासाठी परिपाठाआधी २० मिनिटं संसाधन कक्षात. रिक्षा-व्हॅननं येणारी मुलं लवकर पोहोचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रंथालयाचा तास. वर्गशिक्षकांची तयारीच नसेल, किंवा मूल चारचौघांत मदत घ्यायला ठाम नकार देत असेल, तर वर्षभर खोलीच बरी. जबरदस्तीच्या जोडीत मुलाचे हाल होतात.

सुरुवात एकाच इयत्तेपासून करा, सहावी बरी, आणि मराठी व गणित हे दोनच विषय. जूनमध्ये वेळापत्रक मांडताना तो सामायिक तास आधी भरा आणि बाकीचे मागाहून. पहिल्या घटक चाचणीनंतर गुणांच्या यादीआधी त्या मुलांच्या वह्या मागवा आणि प्रत्येकीची शेवटची दहा पानं उलटा. तारखा सलग आहेत का, मध्ये कोरी पानं किती, आणि लिहिलेली किती मुलाच्या स्वतःच्या अक्षरात आहेत, एवढं पाहा.