ट्युलिप लावू की डॅफोडिल?

शरदात कंद घ्यायला गेलं की हात आधी ट्युलिपकडेच जातो. पाकिटावरचं चित्रच तसं असतं. वाफा एकच असेल आणि दोन्हींतलं एकच लावायचं असेल, तर रंग बघण्याआधी एवढं ठरवा: दर शरदात पुन्हा खणायची तयारी आहे का?

कारण ट्युलिपचा कंद एकदा फुलला की संपतो. त्याच्या जागी पिल्लं धरतात, पण बरीचशी बारकी. पुढच्या वसंतात बारक्या कंदातून एकच रुंद पान वर येतं आणि तिथेच थांबतं. माझ्या वीस कंदांपैकी तिसऱ्या वर्षी चारच फुलले. बाकी नुसता पाला. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांचा, कोरडा उन्हाळा झोपून काढणारा. बागेत उन्हाळाभर पाणी मिळत राहिलं की तो बिथरतो, कधी कुजतोही. डार्विन हायब्रीड या संकरित गटातले ट्युलिप त्यातल्या त्यात टिकतात. बुटक्या रानजाती त्याहून बऱ्या.

डॅफोडिलचं उलटं. ओल त्याला चालते, गवतातही तो रुजतो आणि दरवर्षी कंद वाढतच जातात. काही वर्षांनी दाटी होऊन फुलं कमी झाली की उपटून विरळ करायचे, बस्स. फुलं गेल्यावर पानं मात्र निदान सहा आठवडे कापायची नाहीत. पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्याच जिवावर येतं. तेवढे दिवस वाफा गबाळा दिसतो, इलाज नाही.

उंदीर आणि खारी हाही मोठा मुद्दा. ट्युलिप त्यांना खाऊच वाटतो. एकदा संध्याकाळी लावलेल्या कंदांची सकाळी फक्त तपकिरी सालं सापडली. तेव्हापासून मी वर जाळी अंथरते. डॅफोडिल विषारी, त्याला कुणी तोंड लावत नाही. पण दिसायला तो हुबेहूब कांदा, म्हणून स्वयंपाकघरापासून लांबच ठेवा.

खोली दोघांची सारखीच: कंदाच्या उंचीच्या तिप्पट, शेंडा वर. उत्तर गोलार्धात डॅफोडिल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावून टाका. ट्युलिपला नोव्हेंबरही चालतो, उलट तोच बरा. माती गार झाली की बुरशीचा त्रास कमी होतो. थंडी दोघांनाही हवी, ट्युलिपला साधारण 12 ते 16 आठवडे. हिवाळा तेवढा कडक नसेल तर कंद फ्रीजमध्ये ठेवतात, पण सफरचंदांशेजारी नको. पिकत्या फळांच्या वायूने कंदातली कळी आतच मरते.

रंगांत मात्र ट्युलिपला तोड नाही. खरा निळा सोडला तर जवळपास सगळे मिळतात. डॅफोडिल पिवळा, पांढरा, केशरी, फार तर गुलाबीसर यांतच फिरतो. म्हणून मी जमीन डॅफोडिलला दिली आणि ट्युलिप कुंड्यांत, दरवर्षी नवे, दाटीवाटीने लावते. फुलदाणीत मात्र दोघांना लगेच एकत्र ठेवू नका. डॅफोडिलच्या कापलेल्या देठातून चिकट रस गळतो आणि त्याने ट्युलिप लवकर माना टाकतात. डॅफोडिल आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा, आणि नंतर देठ पुन्हा कापू नका.