डीरॅम (स्वतःची वेगवान मेमरी) नसलेली 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी, पोस्टग्रेस डेटाबेसखाली आठ महिने

पहिल्या महिन्यात ही डिस्क "डोळे झाकून घ्या" म्हणून सुचवली होती. तो सल्ला अर्धा मागे घेतोय.

सिक्वेन्शियल रीडबद्दल, म्हणजे सलग वाचण्याबद्दल, तक्रार नाही. डब्यावरच्या 3,500 एमबी प्रति सेकंदाच्या जवळपास मिळतात. पण इंडेक्सवरून जाणारी क्वेरी 8 केबीचं एकेक पान इकडून तिकडून (रँडम) मागते. पानाला 80 मायक्रोसेकंद धरा: सेकंदाला 12,500 पानं, जेमतेम 100 एमबी. पस्तीस पटींचा फरक.

फिओ या डिस्क मोजायच्या टूलने मोजताना दोन्ही चाचण्यांना बीएस=8के (एका वाचनाचा आकार), डायरेक्ट=1 (कर्नलची कॅश टाळून) देऊ नका. डायरेक्टमध्ये कर्नलचं रीडअहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) मिळत नाही, त्यामुळे सिक्वेन्शियलचा आकडा उगाच घसरतो आणि एसएसडीवर दोन्ही सारखंच, असं वाटून बसतं. सिक्वेन्शियलला 128के द्या; रँडमला 8के, आयओडेप्थ=1 (एका वेळी एकच विनंती). डेप्थ 32 हवी असेल तर आयओइंजिन=लिबएआयओ लागतं, डीफॉल्ट पीसिंकवर ती वाढवून काहीही होत नाही.

आता खरं दुखणं: साइझ, म्हणजे चाचणीच्या फाइलचा आकार. 8 जीबीच्या फाइलवर आकडे सुंदर येतात, आणि तेच फसवतात. कुठलं पान फ्लॅशमध्ये कुठे आहे याचा नकाशा 1 टीबीला साधारण 1 जीबी होतो. या डिस्कला स्वतःची डीरॅम नाही, ती मशीनच्या रॅममधून उसनी जागा घेते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) सरळ ओळ दिसते: अलोकेटेड 64 एमआयबी होस्ट मेमरी बफर. म्हणजे फार तर 64 जीबी डेटाचा नकाशा हाताशी. त्यापलीकडचं पान मागितलं की आधी नकाशा फ्लॅशमधून वाचायचा, मग पान. 80 चे 160 मायक्रोसेकंद. डेटाबेस 250 जीबीचा असेल तर चाचणीची फाइलही 250 जीबीचीच हवी, आणि खरोखर लिहिलेली. नुसती फॉलोकेट केलेली (जागा राखलेली, पण न लिहिलेली) फाइल वाचताना फाइलसिस्टीम डिस्कला न विचारता शून्यं परत देते. शिवाय रँडरिपीट=0 ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी तोच क्रम वाचला जातो. सरासरी सोडा, क्लॅटचा (विनंती पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेचा) 99वा पर्सेंटाइल बघा.

हे पस्तीस थेट रँडम_पेज_कॉस्टमध्ये (रँडम पान सलग पानापेक्षा किती पट महाग धरायचं, ती सेटिंग) टाकायचे नसतात. पोस्टग्रेसचा डीफॉल्ट 4 आहे, तो रँडम 40 पट हळू आणि 90 टक्के पानं कॅशमध्ये असं धरून. त्याच ढोबळ हिशोबाने 97 टक्के कॅशमध्ये असताना 35 चे 1.05 होतात, म्हणून सुरुवातीला 1.1 चपखल बसलं. डेटा वाढून कॅश 94 टक्क्यांवर आली आणि नकाशाने फरक 70 पटींवर नेला, की होतात 4.2. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) मात्र 1.1 धरून इंडेक्स स्कॅनच निवडत राहतो आणि महिनाअखेरचा रिपोर्ट रखडतो. दोष प्लॅनरचा नाही.

ट्रॅक_आयओ_टायमिंग चालू करून एक्सप्लेन (ॲनालाइझ, बफर्स) घ्या आणि आयओच्या वेळेला रीडच्या संख्येने भागा. 0.01 मिलिसेकंदाच्या आसपास आलं तर पान कर्नलच्या कॅशमधून आलं, 0.1 च्या आसपास किंवा वर गेलं तर डिस्कवरून.

60 जीबीपर्यंतच्या डेटाला ही डिस्क अजूनही घ्यावी, वाचलेले पैसे रॅममध्ये घालावेत. त्यापुढे डीरॅमवालीच. आधीच घेऊन बसला असाल तर जुना, क्वचित लागणारा डेटा यावर वेगळ्या टेबलस्पेसमध्ये (पोस्टग्रेसला डेटासाठी नेमून दिलेल्या जागेत) ठेवा आणि ऑल्टर टेबलस्पेसने तेवढ्यापुरता रँडम_पेज_कॉस्ट 4 करा.