फौंड्रीत डोकुविकी, आठ महिन्यांनंतर

शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ऑक्टोबरमध्ये डोकुविकी बसवली. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची, कॉम्प्युटरवरची वही. कारण एकच: मोल्डिंगचे, म्हणजे साचे बनवणारे, मामा मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि वाळूचं सगळं गणित त्यांच्या हातात होतं.

खर्च शून्य. आन्द्रेआस गोर यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली आहे. तिला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती निवांत चालते. बॅकअप म्हणजे पेनड्राइव्हवर फोल्डर कॉपी करायचं. पानावर कुणी घोळ घातला तर जुनी आवृत्ती परत आणता येते, त्यामुळे पोरं लिहायला घाबरत नाहीत.

मराठीत पानं करणार असाल तर एक गोष्ट आधीच करा. मुळात ही प्रणाली फाइलच्या नावातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं करते आणि फाइलच्या नावाला मर्यादा असते २५५ची. त्यात जुन्या आवृत्तीच्या फाइलच्या नावाला पुढे वेळेचा आकडाही जोडला जातो. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून पंचवीसच्या आतच नाव संपवायचं. 'वाळूतील ओलावा तपासण्याची पद्धत' या नावालाच आम्ही अडकलो. सेटिंगमध्ये यूटीएफ-८ (नावं देवनागरीतच ठेवणारा पर्याय) निवडलं की प्रश्न सुटतो, पण ते पहिल्या दिवशी. आम्ही चाळीस पानं झाल्यावर बदललं आणि सगळी पानं गायब! फाइली जागेवरच होत्या, नावं जुळत नव्हती. अख्खा रविवार त्यात गेला. फोटोंचंही तसंच. विकी ज्यावर चालते त्या पीएचपीची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी, मोबाइलचा फोटो त्याच्या दुप्पट. ती आधी वाढवून घ्या.

विकी बसवली खरी, पण पहिले दोन महिने पाटी कोरीच होती. मग मालकांनी फर्मान काढलं, आठवड्याला प्रत्येकाचं एक पान. लोकांनी आयएसओच्या (गुणवत्ता प्रमाणपत्राच्या) फायलींतून उतरवून काढलं. आजही 'योग्य ती काळजी घ्यावी' असं शोधलं की निम्मी विकी समोर येते.

जानेवारीत पद्धत बदलली. माल रिजेक्ट झाला तरच पान करायचं: फोटो, हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतला माल ते), काय दिसलं, काय केलं. त्यानंतर पानांत जीव आला.

मामांचं पान मात्र मी स्वतः केलं. एका पंप-केसिंगला ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडणारी भोकं, येत होते. लॅबच्या रिपोर्टात ओलावा ३.५ टक्के, एकदम बरोबर. मामांनी साच्याजवळची मूठभर वाळू माझ्या हातात दिली.

"आवळ. आता मोड. कडा बघ."

कडा भुसभुशीत. पुढच्या खेपेची वाळू तळहाताला चिकटली.

"मामा, लॅब तर बरोबर म्हणतीय."

"लॅब वाळू कुठली घेतीया? मिक्सरवरची. हितं येईस्तोवर काय हुतंय ते कोण बघतंय?"

परतीची, म्हणजे आधीच्या साच्यांतून पुन्हा वापरायला आलेली, वाळू गरम होती. मिक्सरपासून साच्यापर्यंत येताना पाणी उडायचं, मोल्डिंगवाले 'कोरडी आहे' म्हणून ओरडायचे, मिक्सरवाला पाणी वाढवायचा आणि मग थंड वाळूची खेप आली की ती चिकचिकीत. पानावर मी एवढंच लिहिलं: नमुना साच्याजवळून घ्या, वाळू हाताला गरम लागली तर पाणी वाढवू नका, आधी थंड होऊ द्या. सोबत मुठीचे तीन फोटो: कोरडी, बरोबर, ओली. आमच्या विकीतलं सर्वात जास्त उघडलं जाणारं पान आज हेच आहे.

पन्नास-साठ माणसांच्या कारखान्याला ही प्रणाली पुरेशी आहे. फक्त लिहून घेणारा एक माणूस लागतो, आणि त्याच्या कामाच्या तासांत ते धरावं लागतं. आमच्याकडे अजून धरलेलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत करतो.

गेल्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. रात्रपाळीच्या पोरानं ते पान उघडून मूठ तपासली आणि खाली लिहिलं, 'ओल बरोबर आहे, वाळू गरम नाही, तरी कडा तुटतात.' सकाळी मी मामांना फोन लावला.

"नवी वाळू किती घातलीसा?" पहिला प्रश्न हाच.

नव्या वाळूच्या कणांवर बेंटोनाइटचा, म्हणजे वाळू बांधून ठेवणाऱ्या चिकणमातीचा, लेप नसतो. ती जास्त पडली आणि बेंटोनाइट वाढवलं नाही, तर ओल बरोबर असूनही वाळू ठिसूळ राहते. हे त्या पानावर नव्हतंच, कारण मार्चमध्ये मी ते विचारलंच नव्हतं. आता चौथा फोटो टाकलाय, आणि येत्या सोमवारी मामांना चहाला बोलावलंय.