नाशिकहून ठाणे खाडीची एकदिवसीय सहल: फेरी उत्तम, नियोजन कच्चे

ठाणे खाडीतील रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवण्यासाठी नाशिकहून एका दिवसात जाऊन-येऊन सहल नेणारे आयोजक अलीकडे बरेच झाले आहेत. त्यांपैकी एकाबरोबर (नाव मुद्दाम देत नाही) आम्ही सहकुटुंब माघ महिन्यात जाऊन आलो. मुंबई नाक्यावरून बस, वाटेत नाश्ता, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीची फेरी, जेवण आणि रात्री परत, असा कार्यक्रम होता.

आधी चांगले सांगतो. केंद्राच्या आवारातच तिवरांची दाट राई आहे आणि चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी त्यांची श्वासमुळे वर आलेली दिसतात. भरतीच्या चिखलात हवा खेळत नसल्यामुळे ही झाडे मुळे वर काढून श्वास घेतात, हे आमच्या मार्गदर्शक ताईंनी समजावून सांगितले आणि एक फांदी न तोडता खाली वाकवून पानावर साचलेले मिठाचे बारीक कण मुलांना बोटाने चाखायला लावले. त्याच चिखलात निवट्या होत्या. मासा असूनही पाण्याबाहेर कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत पुढे सरकणाऱ्या, मध्येच टुणकन उडी मारणाऱ्या निवटीकडे माझा धाकटा मुलगा इतका रमून पाहत होता की त्याला बोटीकडे अक्षरशः ओढून न्यावे लागले.

बोटीवरची माहितीही पोरकट नव्हती. लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती. लहान रोहिताची चोच गडद लालसर-काळपट, तर मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित प्रामुख्याने निळे-हिरवे शेवाळ गाळून खातो, मोठा चिखलातले बारीक जीव टिपतो, आणि दोघांचाही गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो, हे ताईंनी दुर्बिणीतून एकेक पक्षी दाखवत सांगितले. थव्याच्या बऱ्याच अलीकडे नावाडी दादांनी इंजिन बंद केले, हे मला विशेष आवडले, कारण जवळून छायाचित्र मिळावे म्हणून आमच्याच बसमधील काही मंडळी ‘अजून पुढे घ्या’ असा धोशा लावत होती. शेकाटे, तुतवार, कुरव आणि काठावरच्या फांदीवर बसलेला खंड्याही दिसला. मागे उंच इमारती आणि विजेचे मनोरे असताना एवढे पक्षिजीवन टिकून आहे, याचे श्रेय २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला मिळालेल्या अभयारण्याच्या दर्जाला नक्कीच द्यावे लागेल. २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली.

आता नियोजनाविषयी. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या जलाशयात पाणी तासातासाला चढत-उतरत नाही, त्यामुळे तिथल्या चापडगावच्या पक्षी-निरीक्षण मनोऱ्यावर थोडे उशिरा पोहोचले तरी फारसे बिघडत नाही. खाडीत मात्र सगळा खेळ भरती-ओहोटीचा असतो. पूर्ण ओहोटीला बोट चालण्याइतके पाणी राहत नाही आणि पूर्ण भरतीला पक्ष्यांचा चरण्याचा चिखल बुडतो, म्हणून मधले दोन-तीन तासच खरे कामाचे. किनाऱ्यावरचे लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. आम्ही गेलो तो दिवस वद्य चतुर्थीचा, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमारास येणार हे घरच्या दिनदर्शिकेवरूनही कळण्यासारखे होते. आमची बोट साडेअकराची ठरली होती आणि ती वेळ अगदी योग्य होती. परंतु बस मुंबई नाक्यावरूनच तासभर उशिरा सुटली, घोटीला मिसळीसाठी लांबलचक थांबा घेतला गेला (संकष्टी असल्यामुळे निम्म्या मंडळींचा उपवास होता, हे वेगळेच), पुढे भिवंडीजवळ वाहतूक तुंबली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी सौजन्याने पुढच्या बोटीत सामावून घेतले. मात्र तोपर्यंत चिखलाचा पट्टा अरुंद झाला होता आणि मोठा थवा पार पलीकडच्या काठाला सरकला होता. आयोजकांना विचारले असता ‘पक्षी दिसले ना?’ एवढेच उत्तर मिळाले. संपूर्ण बससाठी दुर्बीणही त्यांनी एकच आणली होती, तीही जुनी आणि एका डोळ्याने धूसर.

ज्यांना जायचे आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी बोटीची वेळ आणि त्या दिवशीची भरतीची वेळ या दोन्ही गोष्टी आयोजकांकडून लेखी घ्याव्यात. तिथे सावली फारशी नसते, तेव्हा टोपी आणि पाणी बरोबर असावे. नोव्हेंबर ते मे हा हंगाम असला, तरी नाशिककरांनी उन्हाचा विचार करून फेब्रुवारीअखेरपर्यंतच जावे, असे माझे मत आहे. बोटफेरीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, आयोजकांना दीड. आम्ही पुन्हा जाणार आहोत, पण आदल्या रात्री ठाण्याला मामांकडे मुक्काम करून आणि बोटीचे आरक्षण स्वतःच करून.